नाइटला सोबत कोण असेल?

पत्र, थोडक्यात: "ताई, नर्सिंगची पदवी घेऊन चार महिने झाले. नोंदणीही झाली. २६ ठिकाणी अर्ज केले, बोलावणं दोनच ठिकाणांहून आलं. पहिल्या मुलाखतीत 'तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा' असं विचारलं. मी म्हटलं, चूक कधी झालीच नाही. पुन्हा फोन आला नाही. दुसरीकडे म्हणाले, अनुभव नाही तर सहा महिने बिनपगारी या. आता ओळखीतून दोन जागा समोर आल्या आहेत. एका लहान रुग्णालयाला आयसीयूसाठी ताबडतोब नर्स हवी आहे. पगार चांगला, पण आठवडाभर शिकवून मग एकटीने नाइट करायची, दोन वर्षांचा बॉण्ड, आणि मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे ठेवायची. दुसरी जागा मोठ्या रुग्णालयातल्या मेडिकल वॉर्डची. पगार कमी, रुजू व्हायला सात आठवडे, पण पहिले तीन महिने सीनियरबरोबर काम. मैत्रिणी म्हणतात आयसीयू सोडू नकोस, वॉर्डात गेलीस की तिथेच अडकशील. घरचे म्हणतात मिळतंय ते घे, पाण्यात पडलं की पोहता येतं. सगळीकडे नर्सेसचा तुटवडा आहे म्हणतात, मग माझ्यासारखीला नोकरी का मिळत नाही? मी कोणती जागा घेऊ?"

आधी त्या मुलाखतीबद्दल बोलते, कारण टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत मी बरीच वर्षं बसले आहे. "चूक कधी झालीच नाही" हे उत्तर आलं की आम्ही एकमेकींकडे बघायचो. मुलगी खोटं बोलतेय म्हणून नव्हे. हिला स्वतःची चूक दिसत नाही, किंवा दिसली तरी ही सांगणार नाही, अशी धास्ती वाटायची. चुकीचा डोस गेल्याचं पाच मिनिटांत कळलं तर पुष्कळ काही करता येतं. तेच सकाळी पुढच्या पाळीला काम सोपवताना, हँडओव्हरला कळलं तर कधी कधी हात चोळत बसावं लागतं. म्हणून तो प्रश्न विचारतात. तुला पकडायला नाही, तू बोलशील का हे बघायला.

विद्यार्थिनी असताना मी एका आजोबांचं सलाइन लावलं होतं. ५०० मिली, चार तासांत द्यायचं. हिशेब चोख केला: सलाइनच्या नळीचा सेट मिलीला २० थेंबांचा धरला, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. घड्याळ लावून थेंब मोजले आणि मोठ्या ऐटीत पुढच्या पेशंटकडे गेले. दोन तासांनी बाटली अर्धी व्हायला हवी होती, तर शंभर मिलीसुद्धा उतरलं नव्हतं. सेट मिलीला ६० थेंबांचा होता. गणित बरोबर, पाकीट वाचलंच नव्हतं. पोटात गोळा आला, पण जाऊन सिस्टरना सांगितलं. त्यांनी आजोबांना तपासलं, डॉक्टरांना कळवलं, आणि मग मला त्या पाकिटावरचा आकडा मोठ्याने वाचायला लावला. त्यानंतर पाकीट वाचल्याशिवाय मी कधी थेंब मोजले नाहीत. पुढे माझ्या मुलाखतीत मी हेच सांगितलं. काय झालं, कोणाला सांगितलं, त्यानंतर काय बदललं. एवढ्या तीन गोष्टी पुरतात. तुझ्याकडेही असा एखादा प्रसंग असणार. आठव, आणि सांगताना स्वतःला फार झोडपूही नकोस.

आता "अनुभव नाही" याकडे येऊ. हे तू इतक्यांदा ऐकलं आहेस की आता स्वतःच म्हणायला लागली आहेस. नोकरीचा अनुभव नाही, हे खरं. पण शिकताना तू वॉर्डांत काढलेले महिने कुठे गेले? तू २६ अर्ज केलेस म्हणतेस. मला शंका आहे की अर्ज एकच होता आणि तो २६ ठिकाणी गेला. त्यात "कष्टाळू, प्रामाणिक, सेवाभावी" असं काहीतरी असेल. हे शब्द वाचून कोणी कोणाला बोलावल्याचं मला आठवत नाही. त्याऐवजी लिही की सर्जिकल वॉर्डात किती आठवडे होतीस, एका ड्यूटीला किती पेशंट बघत होतीस, कॅथेटर, ड्रेसिंग, ट्रॅकची (गळ्यातून श्वासनळीत बसवलेल्या नळीची) सक्शन यांपैकी काय नुसतं पाहिलंस, काय मदतीला राहून केलंस आणि काय देखरेखीखाली स्वतःच्या हाताने केलंस. हे तीन प्रकार वेगळे ठेव. नुसतं पाहिलेलं "केलं" म्हणून लिहिणाऱ्या मुली पुढच्याच प्रश्नाला अडकतात, आणि ज्यांनी प्रामाणिकपणे वेगळं लिहिलेलं असतं त्यांच्याकडे बघण्याची नजरच बदलते. मुलगेही, अर्थात. तेही आता बरेच येतात आणि त्यांचेही अर्ज अगदी असेच असतात.

आणखी एक. शिकताना ज्या वॉर्डांत तुझी पोस्टिंग झाली, तिथे अर्ज केलास का? पत्रात उल्लेख नाही. तिथल्या इन्चार्ज सिस्टरनी तुला काम करताना पाहिलं आहे. अनोळखी ठिकाणचे दहा अर्ज एका बाजूला आणि "ही मुलगी आमच्याकडे होती, वेळेवर यायची, न समजलेलं विचारायची" हे त्यांचं एक वाक्य दुसऱ्या बाजूला. त्यांना फोन करायला लाजू नकोस. जागा नसेल तर निदान संदर्भासाठी त्यांचं नाव देऊ का, एवढं तरी विचारता येईल.

तुटवड्याचं कोडं मात्र खरं आहे, आणि त्यात तुझा दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख नर्सेस होत्या आणि तरीही सुमारे ५८ लाख कमी पडत होत्या. पण नर्सेस कमी आहेत म्हणजे त्या भरायला मंजूर जागा आणि पैसा आहे असं नाही. शिवाय नव्या मुलीला शिकवायला कोणीतरी मोकळं असावं लागतं. ज्या वॉर्डात आधीच माणसं कमी, तिथे शिकवायला कोण उरणार? म्हणून जिथे गरज सर्वांत जास्त, तिथेच "अनुभवी हवी" अशी पाटी लागते. किंवा मग दुसरं टोक: कोणीही चालेल, आठवड्यात तयार करू. तुझी पहिली जागा या दुसऱ्या प्रकारातली दिसते.

पाण्यात पडलं की पोहता येतं, हे घरच्यांचं म्हणणं मी माझ्या काळातही ऐकलं आहे. इतर पुष्कळ कामांत ते चालूनही जातं. इथे पाण्यात तू एकटी नसतेस, पेशंटही असतो, आणि त्याला पोहता येत नाही म्हणून तर तो तुझ्याकडे आलेला असतो. रात्री तीन वाजता व्हेंटिलेटरचा अलार्म वाजतो तेव्हा नळीत कफ अडकला आहे, नळी सरकली आहे की जोडणी निसटली आहे, हे काही सेकंदांत ओळखावं लागतं. आठवडाभरात हे कानावर पडतं, हातात येत नाही.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकी नर्स-संशोधिकेने १९८४ मध्ये नर्सच्या कौशल्याचे पाच टप्पे मांडले, अगदी नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत. तिच्या मते 'सक्षम' म्हणावं अशी पायरी साधारण दोन-तीन वर्षं एकाच प्रकारचं काम केल्यावर येते. मला त्यातलं जास्त महत्त्वाचं वाटतं ते असं, की अनुभवी नर्ससुद्धा अनोळखी विभागात गेली की पुन्हा नवशिकी होऊ शकते. मी स्वतः मुरलेली वॉर्ड सिस्टर म्हणून नवजात अर्भकांच्या विभागात गेले, तेव्हा पहिला महिना विद्यार्थिनीसारखी वही घेऊन फिरत होते. तेव्हा "आयसीयूचा अनुभव" हा काही कुठेही वटणारा चेक नव्हे. कोणाच्या हाताखाली, किती देखरेखीत, कसल्या पेशंटबरोबर काम केलं, हे पुढचा मालक विचारतोच. एकटीने घाबरत काढलेल्या दोन वर्षांत चुकीच्या सवयीही पक्क्या होतात.

याचा अर्थ नव्या मुलीने आयसीयूत जाऊच नये असा नाही. "आधी दोन वर्षं वॉर्ड, मग बाकी सगळं" हा नियमही कोणी दगडावर कोरलेला नाही. जिथे नव्यांसाठी काही महिन्यांचं रीतसर प्रशिक्षण असतं, ठरलेली सीनियर असते आणि सुरुवातीला स्थिर पेशंट देतात, तिथून चांगल्या आयसीयू नर्सेस तयार झालेल्या मी पाहिल्या आहेत. अडचण आयसीयूची नाही. अडचण त्या एका आठवड्याची आहे.

आणि वॉर्डाला इतकं कमी लेखू नका गं. आयसीयूत मॉनिटर सतत बघत असतो. वॉर्डात तू दोन फेऱ्यांमध्ये काय टिपतेस त्यावर सगळं. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये पेशंट बिघडतोय हे वेळेत ओळखण्यासाठी गुणांची एक पद्धत आणली. त्यात श्वासाची गती, ऑक्सिजनचं प्रमाण, वरचं बीपी, पल्स, तापमान आणि पेशंटची शुद्ध, अशी साधी सहा मोजमापं आहेत. यातला श्वास हा पेशंट बिघडत असल्याची खूण बऱ्याचदा सर्वांत आधी देतो, आणि चार्टवर तो न मोजता "२०" लिहून टाकण्याची खोड सगळीकडे आहे. पूर्ण मिनिटभर श्वास मोजणारी नवी मुलगी मला कुठल्याही दिवशी चालेल. ही नजर वॉर्डात तयार होते. तिथून पुढे आयसीयू, ओटी, डायलिसिस, कुठेही जाता येतं. "तिथेच अडकशील" म्हणणाऱ्या मैत्रिणींपैकी किती जणी स्वतः अडकल्या आहेत, ते विचारून बघ.

पण मोठं रुग्णालय आहे म्हणून तिथेही डोळे मिटून जाऊ नकोस. "तीन महिने सीनियरबरोबर" हे वाक्य माणसं कमी पडली की सर्वांत आधी विरतं. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचार: नाइटला सोबत कोण असेल? मग त्याचे फाटे आपोआप फुटतात. त्या शिफ्टला माझ्याशिवाय किती नर्सेस, त्यातली अनुभवी कोण, एकीला किती पेशंट, डॉक्टर इमारतीत असतो की फोनवर, पेशंट कोसळला तर धावून कोण येतं. सीनियरबरोबरच्या काळात माझी गणती शिफ्टच्या संख्येत धरणार का, हेही विचार. धरणार असतील तर ती सोबत कागदावरचीच. आधीची नर्स का गेली, हे विचारायला संकोच वाटेल, पण "ही जागा कशी रिकामी झाली?" असं सहज विचारता येतं. जमलं तर तासभर विभाग बघायची परवानगी माग आणि गेल्या वर्षी रुजू झालेल्या एखाद्या मुलीशी बोल, इन्चार्ज जवळ नसताना. तिने "छान आहे" म्हणण्याआधी घेतलेला श्वासही ऐक.

हे प्रश्न विचारल्याने तू नखरेल ठरशील अशी भीती वाटत असेल. मुलाखत घेणारी बाई जर कामाची असेल तर उलटंच होतं. ज्या जागेला हे प्रश्न खुपतात, त्या जागेचं उत्तर तुला तिथेच मिळालं.

प्रमाणपत्रांचं मात्र थोडक्यात आणि ठामपणे सांगते. मूळ प्रमाणपत्रं पडताळणीला दाखवायची, साक्षांकित प्रती द्यायच्या आणि मूळ कागद त्याच दिवशी घरी आणायचे. ते अडकवून ठेवण्याचा उपयोग एकच, तू जाऊ नयेस. बॉण्डचा कागद घरी आणून वाच. सोडल्यास किती रक्कम, ती महिन्यागणिक कमी होते का, आणि प्रशिक्षण देऊ म्हणून त्यांनी दिलं नाही तर काय, हे त्यात आहे का बघ. बहुधा शेवटचं नसेल. बॉण्ड तुलाच बांधतो आणि त्यांना नाही, असं असेल तर सही करू नकोस. मधल्या एखाद्या एजंटने नोकरी लावण्याचे पैसे मागितले तरीही नको. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या करारात, म्हणजे १८१ क्रमांकाच्या, अशा संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये हेच मूळ तत्त्व आहे. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नसला तरी तुला नाही म्हणायला आधार पुरेसा आहे.

बिनपगारी सहा महिन्यांबद्दल एक गंमत सांगते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलची पहिली नोकरीसुद्धा बिनपगारी होती. १८५३ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, लंडनमधल्या एका लहान रुग्णालयाची ती अधीक्षक झाली. पण तिचे वडील तिला वर्षाला ५०० पौंड देत होते, आणि त्या काळात ती रक्कम भरपूर होती. तुझे वडील देत असतील तर विचार कर. नसतील तर, नोंदणी झालेल्या नर्सकडून पूर्ण ड्यूटी फुकट करून घेण्याला शिकवणं म्हणत नाहीत.

वडिलांचा विषय निघाला म्हणून विचारते, सात आठवडे थांबणं तुला परवडणारं आहे का? पत्रात तू याबद्दल काहीच लिहिलं नाहीस, आणि माझ्या उत्तरातला हाच कच्चा दुवा आहे. घर तुझ्या पगाराकडे डोळे लावून असेल तर सोबतीचा सल्ला देणं सोपं, पाळणं अवघड. तसं असेल तर लहान रुग्णालयाला सरळ विचार, आयसीयूऐवजी वॉर्डात आणि पहिले दोन-तीन महिने दिवसपाळीवर घ्याल का, पगार थोडा कमी चालेल. त्यांना माणूस हवं आहे, तेव्हा बोलणीला जागा आहे. हे मान्य झालं, लेखी मिळालं आणि मूळ कागद तुझ्याकडेच राहिले, तर ती जागाही वाईट नाही. थांबणं परवडत असेल तर मोठ्या रुग्णालयाकडून रुजू होण्याची तारीख पत्रावर घे. तोंडी सात आठवड्यांचे चौदा व्हायला वेळ लागत नाही. पत्र हातात येईपर्यंत बाकीचे अर्ज बंद करू नकोस.

मधल्या काळात जीवनरक्षक प्रथमोपचाराचा, म्हणजे बीएलएसचा कोर्स झाला नसेल तर करून टाक. झाला असेल तर कार्डाची मुदत बघ, ती सहसा दोन वर्षांची असते. आणि एक सराव आरशासमोर कर: रात्री डॉक्टरांना फोन करण्याचा. नव्या मुलींची खरी त्रेधा सुई टोचताना उडत नाही, या फोनवर उडते. "सर, पेशंट बरा वाटत नाहीये" एवढंच तोंडातून निघतं आणि पलीकडून आवाज चढतो. यासाठी 'एसबार' नावाची पद्धत आहे, अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून रुग्णालयांत आलेली. आधी परिस्थिती, मग पार्श्वभूमी, मग तुझा अंदाज, मग मागणी. म्हणजे असं: "सर, मेडिकल वॉर्डमधून स्टाफ नर्स बोलतेय. १२ नंबरच्या आजींचं बीपी ८४/५० आहे, तासापूर्वी ११८/७० होतं. न्यूमोनियासाठी काल दाखल झाल्या. श्वास २८, पल्स ११८, ताप आहे. मला सेप्सिसची शंका येतेय. तुम्ही लगेच बघायला या. तोवर काय सुरू करू?" (सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीर कोलमडू लागणं.) अर्ध्या मिनिटाचं काम. मुलाखतीत "पेशंटचं बीपी अचानक पडलं तर काय कराल?" हा प्रश्न हमखास येतो. त्यावर पाठ केलेली कारणं सांगण्यापेक्षा पेशंटजवळ थांबेन, मदतीला हाक मारेन, मोजमापं घेईन आणि हा फोन असा करेन, असं सांग.

पहिले काही महिने कुठेही गेलीस तरी जड जाणार आहेत, हे मात्र आताच सांगून ठेवते. कॉलेजात शिकवलेली नर्सिंग आणि वॉर्डात वेळेअभावी होणारी नर्सिंग यांतल्या दरीने नव्या नर्सेस कशा हादरतात, यावर मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्येच सविस्तर लिहिलं आहे. ड्यूटीवरून घरी येऊन रडणं म्हणजे आपण या कामाच्या नाही असं समजू नकोस. रडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी वॉर्डात कोणाला तरी "काल मला हे जमलं नाही, दाखवता का?" असं विचारता आलं पाहिजे. माझा सगळा जीव त्या सोबतीवर का आहे, ते तेव्हा तुला कळेल.

तर उद्या सकाळी दोन फोन कर. पहिला पोस्टिंगच्या वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरना. दुसरा लहान रुग्णालयाला, नाइटचा प्रश्न विचारायला. ते काय म्हणाले ते मला कळव. प्रमाणपत्रं तोपर्यंत कपाटातच राहू देत.